विकत घेतलेला दगड

माझा धाकटा भाऊ बेलिसारिओ याने सारी उमर हुलियाका ते आरेकिपा बस हाकली. निवृत्त झाला तेव्हा मालकांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्याच्या डोक्यात आमच्या डोंगरातल्या लांब मानेच्या, लोकरीच्या अल्पाका शिरल्या.

"अक्का, मी वर राहायला येतोय," तो म्हणाला. "एकजात पांढरी जनावरं पाळून त्यांची पैदास करणार. गिरणीवाल्यांना पांढरीच लोकर लागते. तुझी ती काळी-तपकिरी खिचडी कोण विचारतंय?"

"त्या खिचडीवरच तू लहानाचा मोठा झालास," मी म्हटलं. "आणि कळपाचा दगड कुठून आणणार?"

आमच्या डोंगरात नुसती जनावरं विकत घेऊन कळप होत नाही. प्रत्येक घराचा एक दगड असतो, अल्पाकाच्या आकाराचा, मुठीत मावणारा. कळपाचा जीव त्यात. अल्पाका मुळात पाण्यातून वर आल्या, डोंगराने त्या आपल्याला सांभाळायला दिल्या. म्हणून दगड आपल्याच तळ्याकाठी सापडावा लागतो, नाहीतर आईच्या हातून यावा लागतो. लोकरीच्या फडक्यात बांधून तो अंधारात ठेवायचा. ऑगस्टात जमीन जागी होते तेव्हा बाहेर काढायचा, कोकाची पानं वाहायची, मक्याची दारू पाजायची. माझा दगड आईचा. बेलिसारिओने त्यातला वाटा मागितला. मी म्हटलं, ती काय भाकरी आहे, अर्धी मोडून द्यायला?

तो फणकाऱ्याने बाजारात गेला आणि दगड विकत घेऊन आला.

"दुकानदार म्हणाला, जुना आहे, अस्सल."

"कुठल्या पाण्यातला?"

"अगं, दुकानातला!" असं म्हणून तो पोट धरून हसला.

त्याची बायको नेलिदा शहरातली. तिने तो दगड काचेच्या कपाटात मांडला, उजेडात, लग्नातल्या कपबश्यांच्या शेजारी. मी बघितलं आणि तोंड फिरवलं.  

मकुसानीहून ट्रकने त्याचा कळप आला. देखणी जनावरं, खोटं कशाला बोलू. सकाळभर चरायची. मग सूर्य डोक्यावर आला की सगळ्यांच्या माना एकदम वर व्हायच्या, आणि सगळी उताराखालच्या काळ्या तळ्याकडे तोंड करून उभी राहायची. रवंथ बंद. शेपटीसुद्धा हलायची नाही. माझी काळी-तपकिरी त्यांच्या शेजारी खुशाल चरत असायची.

पुढे त्यांची पोटं ओली राहायला लागली. दिवस कोरडे होते, गवतावर हिव पडत होतं. जनावरांच्या दगडी वाड्याला रात्री कडी असायची. तरी सकाळी पाठी कोरड्या आणि पोटाखालची लोकर निथळत असायची. पायांना तळ्यातलं शेवाळ.

"वन्सं, दव असेल हो," नेलिदा म्हणाली.

"दव खालून वर पडत नाही, बाई."

मग ती गुणगुण. अल्पाका गुणगुणतेच, पण एकेकटी, पिलाशी बोलल्यासारखी. या सगळ्या एकाच सुरात गुणगुणायच्या, दुपारी, तळ्याकडे बघत. घरात कपाटाची काच थरथरायची. एकदा नेलिदाने मला हाताला धरून नेलं. दगडाखाली पाणी साचलं होतं. तिने पुसलं. आमच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा साचलं.

मी बेलिसारिओला बसवलं. "त्या दगडाला खायला घाल, माफी माग आणि तळ्यात सोडून ये. कुणाचा आहे, कुठल्या पाण्यातून खणून काढलाय, कुणास ठाऊक. पण खालून सगळं पाणी एकच असतं."

"आणि मागोमाग कळप गेला तर? आयुष्यभर स्टिअरिंग धरून कमावलेलं सगळं त्यात आहे, अक्का."

"तर जाऊ दे. तू तरी राहशील."

"तू जळतेस," तो म्हणाला. "माझी पांढरी बघून तुझं पोट दुखतंय."

मी उठून घरी आले. एवढं ऐकून घेणारी मी नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरा कळप निघाला. पळत नव्हता. एकामागे एक, पाण्यावर रोज जातो तसा. पुढच्या मोठ्या नराच्या गळ्यात दोर होता, आणि दोराचं टोक बेलिसारिओच्या मनगटाला गुंडाळलेलं. तो मागे ओढत होता आणि पुढे जात होता. नेलिदा धावत आली. "वन्सं, ह्यांनी तो दगड खिशात घेतलाय! म्हणतात, दगड माझ्याकडे असला की जनावरं माझ्याकडेच येतील!"

तेवढ्यात माझ्याही जनावरांनी माना वर केल्या.

आईचा दगड मी चोळीत खुपसला. इथे थांबले तर कळप राहील, तिकडे गेले तर भाऊ. मी जनावरांना शिवी हासडली, "हलाल तर बघा!" आणि उतारावरून धावत सुटले.

मी पोचले तेव्हा पुढची जनावरं पाण्याखाली गेली होती. मानांवरून पाणी मिटत होतं, आणि वर एक तरंग नव्हता. बेलिसारिओ कमरेपर्यंत आत.

"दोर सोड!"

"नाही सोडणार!"

"अरे मुडद्या, ती बस नाही!"

मी त्याच्या अंगावरचा लोकरीचा पोंचो धरला, खिशात हात घातला. दगड गरम होता, नुकत्याच जन्मलेल्या पिलासारखा. मी तो तळ्यात भिरकावला. पडल्याचा आवाज आला नाही. पण बेलिसारिओची मूठ आपोआप उघडली, मनगटाचा वेढा सुटला आणि दोर सरसरत पाण्यात गेला.

माझी जनावरं होती तिथेच चरत होती.

आता ती दोघं माझ्याकडेच असतात. बेलिसारिओचा पोंचो नेलिदा रोज उन्हात टाकते, तो वाळत नाही. अंगावर घातलेला कुठलाच कपडा वाळत नाही. दुपारी जेवायच्या आधी मी त्याला दाराच्या खांबाला बांधते. दोर माझ्या काळ्या-तपकिरी लोकरीचा, मीच वळलेला. ऊन डोक्यावर आलं की त्याची मान वर होते.

"खिचडी कामाला आली की नाही?" मी म्हणते.

रोज हसतो. काल हसला नाही.

"अक्का," तो तळ्याकडे बघत म्हणाला, "आज जरा घट्ट बांध."

मी आणखी एक वेढा दिला. मग आत जाऊन आईच्या दगडाचं फडकं चाचपून बघितलं. कोरडं होतं.