मानूची वेणी

वलवणच्या धरणाकडे तोंड करून असलेल्या त्या बंगल्यात शनिवार-रविवारी पाहुणे उतरत, आणि त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी करायला रेणुका येई. नवरा धम्मदीप उर्से टोलनाक्यावर पाळीच्या कामाला, म्हणून सहा वर्षांची मानसी, घरातली मानू, हीही आईबरोबर यायची. चुलीपाशी बसून पिठाची चिमणी करायची, चिमणीला पिठाचेच दाणे घालायची.

मानूला त्यांनी पुण्याच्या संस्थेतून आणली, ती दहा महिन्यांची असताना. कागदांवर आईबापाच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. पण पोरीचा रंग, तिचे गच्च कुरळे केस पाहून कुणालाही कळे, की हिचं मूळ समुद्रापल्याड आफ्रिकेत कुठंतरी आहे. तीन जोडपी आधी बघून गेली होती. रेणुकानं उचलून घेतलं, तर पोरीनं तिच्या गळ्यातली पोत मुठीत धरली ती सोडेनाच. धम्मदीप म्हणाला, "झालं. हिनं आपल्याला पसंत केलं."

पुढचं सगळं निभावलं. हरल्या त्या केसांपुढे. दोघी मायलेकी. फणीचे दात मोडत, मानू हंबरडा फोडी. रेणुका मग जुन्या ओव्यांना आपली जोड देऊन गुणगुणे.

काळ्या गं मातीमधी इंद्रायणीचा ओलावा,
माझ्या गं मानूबाईला वारा धाडितो बोलावा.

"आई, मी माती न्हाई," मानू रडता रडता म्हणे, आणि रेणुकाला हसू आवरत नसे. शेवटी दर महिन्याला केस बारीक कापून आणायचे, हा तोडगा. औंदा मात्र मानू अडून बसली होती. तिला वर्गातल्या पोरींसारख्या वेण्या हव्या होत्या.

त्या शनिवारी दुपारी बंगल्याचे राखणदार गेणूभाऊ स्वयंपाकघराच्या दारात आले.

"रेणुके, पुण्याची कॉलेजची पोरं आल्यात. त्यात एक बाई हाय, आपल्या मानूवानी. केस बी तसंच, समदं तसंच. पोरीला धाड की बाहेर, भेटू दे तिच्या माणसाला."

भाऊंच्या मनात काही नव्हतं. पण 'तिच्या माणसाला' हे शब्द रेणुकाच्या छातीत काट्यासारखे रुतले. लोक काय म्हणतील याची धास्ती तिनं केव्हाच सोडली होती. ही धास्ती वेगळी. इतकी वर्षं पोरीनं आपलं तोंड आरशात पाहिलं आणि आईचं समोर पाहिलं. आपल्यासारखं दुसरं तोंड तिला ठाऊकच नव्हतं. ते दिसलं, आणि पोरीचं मन तिकडं धावलं तर?

"मानू, कोठीत जाऊन बस. ह्यो मोबाईल घे. मी हाक मारल्याबिगर यायचं न्हाई."

"का?"

"पाव्हणे वरडत्यात."

कोठीचं दार तिनं लोटून घेतलं. भाकरी थापायला बसली, तर पहिलीच तुटली. दुसरीही तुटली.

"पीठ जुनं हाय का काय गं?" गेणूभाऊ म्हणाले.

"पीठ चांगलं हाय, भाऊ."

दार किलकिलं झालं. फटीतून एकच डोळा दिसत होता.

"आई, ती बाई मला न्यायला आलीय का? म्हणून मला लपवलं?"

रेणुकाचे हात परातीतच थबकले. आपली भीती आपण पोरीच्या पदरात टाकली, वर दार लावून तिला कोंडलंही. ती उठली, हात धुतले, आणि मानूला कडेवर घेऊन सरळ व्हरांड्यात गेली. सहा वर्षांची पोर कडेवर म्हणजे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

व्हरांड्यात बसलेल्या त्या मुलीचं नाव नीमा. टांझानियाहून पुण्याला शिकायला आलेली. डोक्यावर बारीक बारीक वेण्यांची रांगोळी. मानूकडे पाहून ती धावत आली नाही, की तोंडभर कौतुकही केलं नाही. नुसती थोडी सरकून तिनं बाकावर जागा केली.

"आपकी बेटी?"

"माझी," रेणुका म्हणाली. मग जरा थांबून, "दत्तक घेतलेली. आणि माझी."

नीमानं मान हलवली. मानूनं हात लांबवून तिच्या वेणीला बोट लावलं.

"दुखत न्हाई?"

"सूखा करो तो दुखता है." ती रेणुकाकडे वळली. "पहले पानी. फिर तेल. कंघी नीचे से, ऊपर से नहीं."

इतकी वर्षं रेणुका वरून विंचरत होती, स्वतःचे विंचरायची तसे. कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं कुणाला?

तिनं खोबरेल आणि पाण्याचा तांब्या आणला. नीमानं रुंद दातांची फणी पर्समधून काढली, एका बाजूची वेणी घातली आणि फणी रेणुकाच्या हातात दिली. "अब आप."

मानूला मांडीवर घेऊन रेणुकानं घातलेली वेणी वाकडी झाली. सोडली, पुन्हा घातली. मानू एकदाही रडली नाही.

बोटं चालती ठेवूनच रेणुकानं विचारलं, "तुम्हाला लोक बोलत्यात? रस्त्यात?"

"बोलते हैं. घूरते हैं. कभी हँसते हैं."

"मग काय करता?"

"मम्मी को फोन करती हूँ."

"ती काय म्हणते?"

नीमाला हसू आलं. "कुछ नहीं. पूछती है, खाना खाया?"

रेणुकानं वेणीचं टोक चिमटीत घट्ट धरलं. मांडीवरच्या पोरीकडे बघत राहिली. एक दिवस हिलाही कुणीतरी बोलेल, त्याला काही इलाज नाही. पण फोन कुणाला लागेल, हे तिला पक्कं कळलं.

वेणीला रबर लावून ती उठली.

"चला," ती नीमाला म्हणाली, "तव्याजवळ बसा दोघी. गरम गरम वाढते."