एनॉकच्या खिडकीवरची टकटक

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी काठी आहे. दहा हात लांब, टोकाला तारेचा झुपका. इंग्लंडच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणीजवळच्या वस्तीत थिर्झा ऑग्डेन नावाच्या विधवेकडे माझी हयात गेली. रोज पहाटे कामावर जाणाऱ्यांना उठवायला ती माडीवरच्या खिडक्यांवर माझ्या टोकाने टकटक करी. आतला माणूस काचेशी आल्याशिवाय पुढे जात नसे. याला तिथले लोक ‘नॉक अप करणं’ म्हणत. “मावशी, उद्या चारला नॉक अप कर गं,” एवढं सांगितलं की निर्धास्त झोपत. दमून पार गळून गेलेला माणूसही स्वतःला ‘नॉक्ड अप’च म्हणवी. शब्द तोच, अर्थ निराळा.

“घड्याळ चुकेल, थिर्झाची काठी चुकणार नाही,” असं लोक म्हणत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

एका हिवाळ्यात, एका पहाटे खाणकामगार एनॉक हार्गरच्या खिडकीवर मी बराच वेळ वाजत राहिले. शेवटी त्याने खिडकी उघडली.

“मावशी, आज मी अगदी नॉक्ड अप झालोय. हातपाय उचलत नाहीत. आज राहू दे.”

“कामाची पाळी चुकवलीस तर मुकादम दारातून हाकलेल,” थिर्झा म्हणाली. “ऊठ बाबा. मी हलत नाही इथून.”

तो उठला. कामावर गेला.

दहाच्या सुमाराला खाणीत वायूचा स्फोट झाला. एकतीस माणसं खालीच राहिली. त्यांत एनॉक होता.

थिर्झाने मला कोपऱ्यात उभं केलं आणि तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी एनॉकची बायको सेलिना दारात आली.

“मावशी, सोमवारपासून मी सूतगिरणीत जातेय. मला पाचला उठव.”

“तुझ्या खिडकीवर माझा हात चालायचा नाही, पोरी. मीच त्याला…”

“तू काच वाजवलीस. पांघरूण मी ओढलं,” सेलिना खाली बघत म्हणाली. “ते मला दोनदा म्हणाले, झोपू दे. मी ऐकलं नाही. आता घरात तीन पोरं आहेत. उठवशील ना?”

थिर्झाने होकारार्थी मान हलवली.

सोमवारी पाचला थिर्झाने मला सेलिनाच्या काचेवर टेकवलं. पहिल्या टकटकीलाच आत मेणबत्ती लागली. सेलिना कपडे घालून बसलेली होती. ती झोपलीच नव्हती.

पुढे घरोघर गजराची घड्याळं आली आणि मी अडगळीत पडले. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, एक मागणं आहे. वेळेवर उठवणं चांगलंच. तरी समोरचा माणूस ‘आज माझ्यात त्राण नाही’ म्हणाला, तर क्षणभर थांबा. त्याला एक दिवस निजू द्या. मला थांबता आलं नाही. मी काठी होते.