माझं दार आपोआप उघडायचं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी हॉटकेस गाडी आहे आणि मला भूत लागलंय, असं अख्खं घणसोली गाव म्हणतं. खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं!

हॉटकेस म्हणजे जेवण गरम ठेवणारं, चाकांवरचं स्टीलचं कपाट. तळोज्याच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. पुतळामावशींनी मला घरी आणलं तेव्हा मी अशी चकाकत होते, की पोरं माझ्यात बघून भांग पाडायची! मावशी हळदीची, लग्नाची जेवणं करायच्या. त्यांची पद्धत ठरलेली. मला सपाट जागी उभं करून चाकांचे ब्रेक लावायचे. भात सुकू नये म्हणून तळाच्या ट्रेमध्ये पाणी ओतायचं. मग अर्धा तास मला रिकामीच तापवायचं. तापमानाचा काटा सत्तर अंशांवर गेला की मगच उकळती भांडी आत.

"ही गरम ठेवते, गरम करत नाय," असं त्या सगळ्यांना बजावायच्या. "काटा साठच्या खाली नाय गेला पायजे."

वाढप सुरू होण्याआधी त्या माझं दार बोटभर उघडायच्या आणि नुसत्या वासावरून मीठ ओळखायच्या.

गेल्या वर्षी मावशी वारल्या. त्यांची लेक सुचिता हिनं काम हातात घेतलं, आणि पहिल्याच ऑर्डरला माझं दार आपोआप उघडलं. बोटभरच.

सुचिता थबकली. "आई," ती हळूच म्हणाली, "वास घेतेस ना?"

दाराच्या कडीचा बोल्ट झिजलाय, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी माझ्या पत्र्यावर एक ओलसर तळवा येऊन टेकला, आणि सुचिता तर चार पावलं लांब होती. तो मग टेकलेलाच राहिला.

इलेक्ट्रिशियन मानसिंग कडी बसवायला आला. सुचितानं त्याला अडवलं. "नको दादा. आईला येऊ दे."

"बरं झालं, ताई. भुताची वायरिंग आपल्याला जमत नाय!" म्हणत तो पळालाच.

मग शेजारच्या शकुबाईंच्या नातीची, नमिताची हळद आली. तीनशे माणसं. सुचिताच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम! हे बिघडलं असतं तर गावात पुन्हा कोणी बोलावलं नसतं. आमच्याकडे हळदीला चिकन लागतंच; दुपारी बारा वाजता तिनं ते आत ठेवलं. हळद लांबली, सगळे नाचतच राहिले. माझं दार उघडलं. तिनं पाहिलं, हसली, आणि तसंच राहू दिलं. माझी ऊब त्या फटीतून निघून जात होती, आणि मला ओरडता येत नव्हतं.

तीन वाजता शकुबाई आल्या. "सुचिता गो, काटा बघ! पंचेचाळीस हाय!"

"आई आलीये, आजी."

"तुझी आय आली असती ना, तर तिनी पयला दार लावला असता!"

सुचिताचा चेहरा उतरला.

"कवापासून उघडा हाय?"

"साडेबारापासून."

"परत उकळूया, कोनाला कळतंय?" आचारी धनेश कुजबुजला.

सुचितानं स्वतःच भांडी बाहेर ओढली. "टाकून दे सगळं. नासायला लागलेलं उकळून सुधारत नाही. पोरंबाळं जेवणार आहेत."

तिनं अंडी मागवली, तशी मांडवात एकच कुरकुर. "हळदीला अंडी? ही कसली गो हळद!" पण शकुबाई पदर खोचून कांदे चिरायला बसल्या. पाच वाजता अंड्याच्या रश्श्याच्या पंगती बसल्या. कोणीही आजारी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुचितानं मानसिंगकडून पाना मागून आणला आणि नवी कडी स्वतःच बसवली. शेवटचा फेरा आवळला, आणि माझ्या पत्र्यावरचा तो तळवा उचलला गेला. तिलाही कळलं असावं. ती कितीतरी वेळ मला टेकून रडली.

मित्रांनो, तुमच्या घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल, तर ती नुसती जपू नका, दुरुस्त करा. ती कुरकुरली, उघडली, थरथरली, तर आधी पाना आणा. रडू आलं तर नंतर खुशाल रडा. टेकायला आम्ही असतोच.