कागदी घराचं दार

कागद तंतूंच्या कलाने दुमडला तर घडीची धार नितळ येते. आडवा, कलाच्या विरुद्ध दुमडला तर तंतू तुटतात आणि भिंगाखाली धारेवर बारीक पांढरी लव दिसते. त्या सकाळी माझं भिंग एका शुभेच्छापत्राच्या दारावर होतं, आणि दाराच्या घडीला लव होती.

आमच्या घरी हिवाळ्याची शुभेच्छापत्रं चौघांच्या हातून पुरी होत. पत्र उघडलं की एकाच कागदातून बर्फाने झाकलेलं घर उभं राहायचं. छप्पर आई दुमडायची, खिडक्या वहिनी, शेजारचं झाड मी आणि शेवटची घडी, म्हणजे दार, दादा. दुसऱ्याच्या घडीला हात लावायचा नाही, हा आईचा नियम. दादा कागद नेहमी आडवा धरायचा, म्हणून त्याची दारं कडेला फुटायची. मी सांगून पाहिलं होतं. "दार माझं आहे," तो म्हणाला, आणि विषय संपला. दादा घरात आला की आमचे आवाज आपोआप खाली यायचे.

तीन हिवाळ्यांपूर्वी तो गोठलेल्या तळ्यावरून पलीकडे निघाला आणि पोचलाच नाही. बर्फ वितळल्यावर तळं शोधलं, काही सापडलं नाही. तेव्हापासून आमची घरं बिनदाराची. आमची पत्रं विकणारा दुकानदार दरवर्षी चिडवायचा, "घर झकास आहे हो, पण माणसांनी शिरायचं कुठून? धुराड्यातून?"

वहिनीच्या बहिणीने दुसऱ्या गावात शिवणकामाचं दुकान काढलं होतं आणि एक मशीन वहिनीसाठी अडवून ठेवलं होतं. वहिनीला जायचं होतं. मला ते ठाऊक होतं, आईलाही होतं. पण बहिणीचा फोन आला की वहिनी म्हणायची, "थंडी सरू दे, मग सांगते." जाते म्हणणं म्हणजे दादा येणार नाही म्हणणं. ते आईसमोर कोण म्हणणार?

आणि आता हे दार.

"कुणी केलं?" मी विचारलं.

आईने पत्र हातात घेऊन दार बोटाने ढकललं. ते आतल्या बाजूला उघडलं. "कुणी म्हणजे? त्यानेच," ती म्हणाली. आवाज इतका साधा, की जणू दादा बाहेर बूट काढत असावा.

आईची बोटं सांधेदुखीने आखडलेली. छप्पर दुमडतानाच तिचा जीव जायचा, एवढंसं दार तिला जमणं शक्य नव्हतं. मी वहिनीकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका, वन्सं. ते जिवंत असताना मी त्यांच्या दाराला कधी हात लावला नाही, आता कशाला लावू?"

"असताना म्हणजे?" आई म्हणाली.

वहिनी खाली मान घालून खिडक्या दुमडू लागली.

मी पडताळा घ्यायचं ठरवलं. आम्ही तिघींनी नवी पत्रं केली, दाराशिवाय. ती मी माझ्या कामाच्या प्रयोगशाळेत नेली आणि ओलावा शोषणारी पूड घातलेल्या काचेच्या भांड्यात ठेवली. झाकणाच्या कडेला मेण लावून त्यावर माझी सही कोरली. दुसऱ्या दिवशी मेण अखंड होतं. काचेतून दिसत होतं, प्रत्येक घराला दार होतं. झाकण काढून मी घडीवर बोट ठेवलं. त्या कोरड्या भांड्यात घडी ओली होती, आणि इतकी थंड की बोट क्षणभर चिकटलं.

घरी सांगू नये असं वाटलं. पण जे दिसलं ते लपवायची मला सवय नाही. मी पत्रं टेबलावर मांडली.

"बघ, भिंगबाई!" आई हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. "तुझं ते भिंगसुद्धा आता माझ्या बाजूने बोलायला लागलं." तिने कपाटातून दादाचा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि फोन वहिनीपुढे सरकवला. "बहिणीला कळवून टाक. म्हणावं, दुसरी बघ कुणी. आता घरधनी येतोय, त्याच्या स्वागताला तू नको?"

वहिनीने फोन घेतला नाही. ती पत्रांकडे पाहत होती.

बाहेर दुपारचा बर्फ पडत होता. खिडक्या बंद होत्या. पहिल्या घराचं दार हललं. वाऱ्याची झुळूक असेल म्हणून मी शिवणाचा दोरा वर धरला. तो सरळ लोंबत राहिला. दार आत सरकलं, हळू, बाहेरून कुणी खांदा लावल्यासारखं. मग शेजारच्या घराचं. मग त्याच्या पलीकडचं. फुटलेल्या कडांवर पाण्याचे बारीक थेंब जमू लागले.

"ये रे बाबा," आई पुटपुटली. "ये."

मी वहिनीच्या हातावर हात ठेवला. तिने घडी दाबायची पट्टी टेबलावर ठेवली, खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली. दादा घरात असताना तिचा जो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, त्या आवाजात ती म्हणाली,

"आई, मी बहिणीकडे जाणार आहे. ते आले तरी जाणार आहे."