करगोटा घट्ट झाला तेव्हा

मी लाकोच्या कमरेचा करगोटा बोलतोय. काचेचे मणी घडवणाऱ्या क्रोबो लोकांच्या गावात, तेये आजोबांच्या भट्टीत माझे मणी जन्मले. फुटक्या बाटल्यांचा चुरा मातीच्या साच्यात भरायचा, मधोमध कसाव्याच्या झाडाची काडी खोचायची. जाळात काच विरघळते, काडी जळून जाते आणि मण्याला भोक पडतं.

बारशाला आजीनं मला लाकोच्या कमरेला बांधलं. आमच्याकडे पोर वाढतंय की नाही, हे करगोटाच सांगतो. मी घट्ट झालो की आजी हसत हसत मणी वाढवायची. पहिलं वर्ष मी नुसता वाढतच होतो. काय तोरा होता माझा!

मग लाकोच्या आईला, मामलेला, पुन्हा दिवस गेले. आजीनं लगेच लाकोचं अंगावरचं दूध तोडलं. "आता ते पोटातल्याचं दूध. ही प्यायली तर आजारी पडेल."

लाकोच्या वाट्याला आली मक्याची पातळ पेज. मासे मोठ्यांच्या ताटात. एकदा तिनं उकडलेल्या अंड्याकडे हात नेला, तर आजीनं चापट मारली. "अंड्याची चटक लागली की पोर पुढे चोर होते!" त्यातच हगवण लागली.

मी सैल झालो. लाको उभी राहिली की गुडघ्यापर्यंत घसरायचो. आता तरी घरच्या बाया बघतील, असं मला वाटलं. आजीनं बघितलं, आणि दोरा आवळून गाठ मारली. "लोक काय म्हणतील, पोरीला उपाशी ठेवतात?"

मी थक्क झालो. अहो, मी बोलत होतो आणि यांनी माझं तोंडच बांधलं!

काही आठवड्यांनी मी पुन्हा घट्ट झालो. घरात आनंदीआनंद. "बघ मामले, बाळसं धरलं!" आजी म्हणाली. पण मला ते अंग ओळखूच येईना. पूर्वीचं अंग मला बाहेर ढकलायचं, हे माझ्याखाली दबत होतं. लाको हसत नव्हती, रडतही नव्हती.

मणी वाढवायला आजीनं मला सोडलं आणि तिचा हात थबकला. माझ्या एकेका मण्याचा खड्डा लाकोच्या कमरेवर तसाच राहिला होता. भरून येईना.

दारात मासे विकणारी मातेको उभी होती. तिच्या डोक्यावरची पाटी खाली पडली.

"अगं बाई, हे बाळसं नव्हे! पाणी आहे, पाणी! पोटात सकस काही नसलं की अंगात असं भरतं. माझा मुलगा तेत्ते असाच गेला. उचला तिला!"

मी हादरलो. लाकोला मरणाच्या दारात नेणारी सूज चढत होती आणि माझ्या घट्टपणावर घर नाचत होतं!

दवाखान्यात पाणी उतरलं, तशी खाली नुसती हाडं दिसली. मामलेनं तोंड फिरवलं. "इकडे बघ," नर्स म्हणाली. "तुझी पोर एवढीच उरली होती. आता हिला भरायचंय."

आज आम्ही घरी आहोत. मी लाकोच्या कमरेवर सैलच आहे, पण आजीनं आवळून मारलेली ती गाठ सोडलेली आहे. बायांनो, एवढंच मागतो: करगोटा सैल झाला तर दोरा आवळू नका, पोराच्या ताटात काय आहे ते बघा.

आत्ताच आजीनं अंडं सोललं आणि लाकोच्या हातात दिलं. शेजारीण म्हणाली, "अगं, चोर होईल ना!"

"होऊ दे," आजी डोळे पुसत म्हणाली. "आधी मोठी तर होऊ दे."