पट्टा घ्यायचा तर घड्याळ न्यायचं

अप्पांचा एक नियम आहे: घड्याळाला पट्टा घ्यायचा तर घड्याळ बरोबर न्यायचं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाचं हे म्हणणं खोटं नाही. पण म्हणून कॅमेरा घ्यायला अख्खा कॉम्प्युटर न्यायचा?

"न्यायचा," अप्पा म्हणाले.

त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग धरलाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट. भिंग हरलं. वेबकॅम लावून पाहिला, तर पडद्यावर चाकाच्या दातांचा नुसता चिखल. चांगला कॅमेरा टेबलावर टांगला आणि त्यातलं चित्र थेट मोठ्या पडद्यावर आलं, तरच त्यांना काम करता येणार होतं. नाहीतर दुकान बंद, असं त्यांनीच जाहीर केलं होतं आणि तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

त्यात कॉम्प्युटरवर लिनक्स. परगावी जाताना माझ्या धाकट्या भावाने घालून दिलेलं. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, सगळं कबूल. फोनवर तो म्हणाला, "ताई, फोटो कुठल्याही कॅमेऱ्यातून उतरतील, पण थेट चित्र ठरावीक कॅमेऱ्यांचंच येतं. लावून बघितल्याशिवाय घेऊ नका." झालं! अप्पांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

ढकलगाडीवर कॉम्प्युटर, पडदा आणि वायरींचं भेंडोळं घालून आम्ही भर बाजारातून निघालो. ढकलणारी अर्थात मी.

कॅमेऱ्याच्या दुकानातल्या मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, दुरुस्तीवाले पलीकडच्या गल्लीत बसतात."

"दुरुस्ती नाही, सोयरीक जमवायची आहे," अप्पा म्हणाले. "मुलगा जुना आहे, पण निर्व्यसनी. हुंडा फार द्यायला जमणार नाही."

बाईंना हसू आलं आणि काउंटरवर जागा मिळाली. त्यांनी एक नवाकोरा कॅमेरा काढला. "हा चालेल."

"चालेल की चालतो?"

जोडून पाहिलं, चालला नाही. दुसऱ्यातून फोटो उतरले, थेट चित्र नाही. तिसऱ्याचीही तीच तऱ्हा. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि माझा पारा चढला होता.

"अप्पा, पुरे आता. घरी चला."

ते वायर गुंडाळायला लागले. एरवी उलट बोलले असते. त्यांचं ते मुकाट्याने गुंडाळणं मला बघवेना.

"थांबा हो," मालकीणबाई म्हणाल्या. मागच्या कपाटातून त्यांनी एक जुना कॅमेरा आणला. कोपऱ्याचा टवका उडालेला, कुणीतरी बदल्यात देऊन गेलेला. किंमत बाकीच्यांच्या पासंगालाही न पुरणारी. वायर जोडली आणि काउंटरवरची काच पडद्यावर आली, तिच्यावरच्या ओरखड्यांसकट. मग बाईंनी आपणहून मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ काढून अप्पांपुढे ठेवलं. खिशातल्या हत्यारांनी अप्पांनी झाकण उघडलं. मान तिरकी करून पडद्याकडे बघत चिमटा आत घातला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा कचऱ्याचा कण बाहेर आला आणि चाक हललं.

मला रडू आलं. त्या बाईंचे, लावून बघा म्हणणाऱ्या भावाचे, अप्पांच्या हट्टाचेसुद्धा उपकार मानावेत तेवढे थोडे. मी बाईंचे हात धरले, तर त्या म्हणाल्या, "अहो, माझं घड्याळ फुकटात झालं!"

आवराआवर करताना कॅमेरा माझ्याकडे वळला. पडदा भरून माझं तोंड. तो वळवायला मी हात पुढे केला, तर अप्पा म्हणाले, "राहू दे."

नाक पडद्याला टेकेल इतके ते जवळ गेले. मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"केस पिकले की गं तुझे. कधी?"

"झाली दोन वर्षं."

"मला वाटत होतं, अजून काळेच आहेत," ते म्हणाले. "बरं झालं, दिसलं."