छपाईची टिंग

संगणकावर आवाज काढणारी तयार कोडची लायब्ररी नसेल तर ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधला छपाईचा भाग बांधायचाच नाही, अशी अट बिल्डच्या, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायच्या, फाइलीत सात वर्षं ठाण मांडून बसली होती. नव्या सर्व्हरला आवाजच नव्हता, त्यामुळे छपाईही गायब. ऑफिसात जिला सगळे मिरची म्हणत, तिने “छपाई काय गाणं म्हणते?” असं पुटपुटत अट उडवली. आता तर अख्खं बिल्डच कोसळलं, सॉफ्टवेअर तयारच होईना. छपाईच्या कोडमध्ये, कागद बाहेर आला की टिंग वाजवायची ओळ निघाली.

“ही टिंग कुणाच्या डोक्यातून आली?”

“माझ्या,” साहेब म्हणाले. “नाहीतर कागद घ्यायला कधी उठायचं, ते मला कळणार कसं?”

मिरचीने ती अट टिंगपुरतीच ठेवली, छपाई मोकळी केली आणि साहेबांची खुर्ची प्रिंटरशेजारी नेऊन ठेवली.